जपानी जेवणातला न दिसणारा मासा आणि शाकाहारी विद्यार्थी

चिंचगुळ (धागाकर्ती)

इथे जपानवर धागे कमी नाहीत पण गाडी बुलेट ट्रेन, स्वच्छता आणि साकुराच्या पुढे सरकत नाही, आणि जेवणाचा विषय निघालाच तर एक सुशी आणि दुसरं "अगंबाई मग तू खातेस काय?". हे दुसरं मला मावशीपासून व्हिसाच्या रांगेतल्या अनोळखी काकूंपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. मी क्योतोला मास्टर्स करतेय, विषय आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा, मूळची सांगलीची, घरात मासे-मटण नाही, अंडं मी खाते.

तर जपानात शाकाहारी *दिसणारं* जेवण ढीगभर आहे. टोफू, मुळा, लाल भोपळा, वांगं, पालक, रताळं, अळकुड्या, मशरूमच्या कितीतरी जाती, समुद्री शेवाळं. ताटाकडे बघून वाटतं चला आपलं भागलं. मेख अशी आहे की मासा ताटात नसतो, पाण्यात असतो. भाजी ज्या पाण्यात शिजते, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) ज्यात कालवतात, उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया ज्यात पोहतात, अंड्याच्या गुंडाळीत जे घालतात ते सगळं दाशी, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची. कात्सुओ म्हणजे आपल्या कुप्याच्या घराण्यातला मासा, आणि कात्सुओबुशी म्हणजे तोच धूर देऊन, वाळवून टणक केलेला, किसून वापरतात.

आमच्या युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये छोट्या छोट्या वाट्या मांडलेल्या असतात, हवं ते उचलायचं आणि शेवटी काउंटरवर पैसे द्यायचे. त्यात उकडलेली भेंडी असते, हिरवीगार आणि बुळबुळीत (आपण भेंडीची तार जावी म्हणून लिंबू पिळतो, ताक घालतो, जीव काढतो आणि ही मंडळी तार सुटावी म्हणूनच खातात), आणि तिच्यावर कात्सुओबुशीचा तपकिरी-गुलाबी कीस भुरभुरवलेला. गरम पदार्थावर हाच कीस वाफेने वळवळतो, नवीन आलेली मुलं आधी त्याचा व्हिडिओ काढतात आणि मग विचारतात काय आहे. बिलावर कॅलरीच्या जोडीला लाल, हिरवे, पिवळे पॉइंट छापून येतात, लाल म्हणजे प्रथिनं, हिरवे म्हणजे भाज्याफळं, पिवळे म्हणजे भात-तेल. माझा लाल कायम कमी. कँटीनच्या आजी बिल हातात देताना त्यावर बोट ठेवून हियायाक्को म्हणजे गार टोफूच्या वाटीकडे बघतात, बोलत काही नाहीत, पण घे की गं असा भाव असतो.

लेबल वाचून सुटका होईल म्हणाल तर तीही पूर्ण नाही. जपानमधे ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीत अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड असे पदार्थ असतात, त्यात कात्सुओ नाही. म्हणजे ठळक चौकोन बघून भागत नाही, खालची बारीक अक्षरातली सगळी घटकयादी वाचावी लागते आणि कांजी म्हणजे चिनी वळणाची अक्षरं ओळखता यायला लागतात. माझं जपानी लेबलांवरच सुधारलं असं माझी जपानीची सेन्सेई (म्हणजे बाई) म्हणते, मला हलाल, व्हीगन आणि डुकराची चरबी हे शब्द 'माफ करा' च्या आधी आले.

आता मूळ मुद्दा. चिडचिड करण्यापेक्षा हे पाणी नक्की आहे तरी काय म्हणून मी खणत गेले आणि विषय माझ्याच लॅबच्या दारात येऊन पडला. दाशीचे दोन खांब, कोम्बू नावाचं शेवाळ आणि कात्सुओबुशी. १९०८ साली तोक्योच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीतल्या इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूमधून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोतो नावाने बाजारात आलं. होय तेच, चायनीजच्या गाडीवर काका चमच्याने टाकतात आणि आई ज्याला विष म्हणते ते. पाच वर्षांनी, १९१३ मधे, इकेदांचाच शिष्य कोदामा शिंतारो याने कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं आणि १९५७ मधे कुनिनाका अकिरा यांनी ग्वानिलेट, जे वाळवलेल्या शिताके मशरूममधे भरपूर असतं. गंमत अशी की ग्लुटामेटबरोबर या दोघांपैकी एक आलं की चव नुसती बेरीज होत नाही, कित्येक पटीने वाढते. म्हणजे शेकडो वर्षं स्वयंपाकघरात कोम्बू आणि मासा एकत्र टाकत होते त्यामागे हे कारण होतं, आणि शाकाहारी माणसाला इथेच फट सापडते, कारण ग्वानिलेटवालं शिताके माशाची जागा घेऊ शकतं.

आणि ती जागा त्याने आधीच घेतलेली आहे, देवळांत. झेन मठांचं शोजिन र्‍योरी. मांस-मासा तर नाहीच पण कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातल्या उग्र वासाच्या पाच भाज्याही नाहीत, माझ्या आजीच्या चातुर्मासाशी तंतोतंत. दोगेन या आचार्याने १२३७ साली मठाच्या आचाऱ्यासाठी सूचना लिहून ठेवल्या, तांदूळ निवडताना खडे कसे बघायचे इथपर्यंत. दाशीत कोम्बू, शिताके आणि कधी काम्प्यो. हे काम्प्यो म्हणजे काय तर दुधी भोपळ्याच्या लांब पट्ट्या सोलून वाळवलेल्या, जपानात पिकणारा जवळपास सगळा माल तोचिगी नावाच्या एका प्रिफेक्चरमधून (प्रांतातून) येतो. दुधीला इतका मान मी आयुष्यात पाहिला नव्हता.

घरी दाशी करायची तर कोम्बू धुवायचा नाही, त्याच्यावरची पांढरी भुकटी बुरशी नसते, चव असते, नुसता ओल्या फडक्याने पुसायचा. गार पाण्यात रात्रभर टाकला तरी चालतो नाहीतर मंद आचेवर ठेवून उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचा, उकळला की चिकट आणि कडवट होतो. शिताके मात्र गार पाण्यातच फ्रीजमधे भिजवायचे. दोन्ही पाणी एकत्र, चिमूट मीठ, झालं.

तुमचे अनुभव लिहा. फोटो नंतर टाकते, वायफाय रडतंय.

सोडेवाली

मस्त धागा! वाचताना सारखं वाटत होतं की ही तर आमच्या घरची गोष्ट. आम्ही सीकेपी, वांगं-बटाट्याच्या रश्श्यात पाच-सहा सोडे टाकतो, शेवग्याच्या शेंगांत टाकतो, पाहुणे मोजके सोडे बघून विचारतात एवढ्यात कुणाला पुरणार, अहो ते पुरायला नसतातच. ते रश्श्यासाठी. वाळवलेल्या कोळंबीचा अर्क भाजीत उतरवायचा, बस. जवळ्याचंही तसंच, दोडक्यात मूठभर. पावसाळ्यात समुद्र बंद म्हणून साठवणीचं असं आपण म्हणतो पण भर हिवाळ्यात ताजी कोळंबी समोर असताना आजी सोडेच काढायची, चवीसाठीच. फक्त आपल्याकडे कुणी इनोसिनेट शोधलं नाही :)

कट्टेकरी

सगळं ठीक आहे पण स्पष्ट बोलायचं तर जपानी जेवण बेचव. कंपनीच्या कामाला ओसाकाला होतो, रोज वाटायचं दवाखान्यातून डबा आलाय. फोडणी नाही, तिखट नाही, वाफवलेलं नाहीतर कच्चं. उमामी बिमामी मला कधी लागली नाही. शेवटी हॉटेलच्या खोलीत ठेचा आणि खाकरे.

चिंचगुळ

@सोडेवाली, अगदी हेच! मोजके सोडे म्हणजे दाशीच.

@कट्टेकरी, राग नाही पण ओसाकाला राहून बेचव म्हणालात म्हणजे तुम्ही मीटिंगमधल्या बेन्तोंवर (तयार डब्यांवर) जगलात. आपल्या जिभेला फोडणीचा पहिला फटका लागतो, तो नसला की पुढचं ऐकूच येत नाही, मलाही सुरुवातीला असंच झालं. आणि जपानातही चव एक नाही, पूर्व आणि पश्चिम यांचं जुनं भांडण आहे. कान्साई म्हणजे आमच्या बाजूला रस्सा फिकट, कोम्बूचा जोर, पाणी सौम्य असल्याने कोम्बू छान उतरतो. तोक्योकडे कात्सुओ आणि काळा सोया सॉस. दोन्बेई नावाचे कपातले उदोन मिळतात ना, तेच पाकीट, तेच चित्र, पण पूर्वेकडे विकायचा मसाला वेगळा आणि पश्चिमेचा वेगळा, झाकणावर बारीक ई नाहीतर डब्ल्यू छापलेलं असतं. आमच्या लॅबमधला तोक्योचा मुलगा घरून ई वाले खोकंभर घेऊन येतो. सांगलीची भडंग पुण्यात मिळत असली तरी आपण घरूनच आणतो तसं.

कोम्बूची अजून एक भारी गोष्ट, तो उगवतो उत्तरेला होक्काइदोत. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) कितामाएबुने नावाची जहाजं जपान समुद्राच्या बाजूने तो ओसाकापर्यंत आणायची. तिथून तो सात्सुमा म्हणजे आताच्या कागोशिमामार्गे पार दक्षिणेला र्‍युक्यू म्हणजे आताच्या ओकिनावाला आणि पुढे चीनला जायचा, बदल्यात औषधी वनस्पती यायच्या. ओकिनावात कोम्बूचं एक रोप उगवत नाही पण तिथे त्याची भाजी करून खातात, डुकराच्या मांसाबरोबर परतून. नुसती दाशी काढून फेकून देत नाहीत. म्हणजे ज्या वाटेने माल गेला त्या वाटेवर सवय राहिली.

गलबत

धागा वाचतोय. माझी नोकरी समुद्रावर गेली म्हणून दोन गोष्टी.

लक्षद्वीपला मिनिकॉय बेटावर 'मास' करतात. हाच मासा, तुमचा कात्सुओ. पकडायचा तोही गळाच्या काठीने एकेक, डोक्यामागे फेकत, जपानी कोळी पकडतात तसाच. मग उकडायचा, धूर द्यायचा, उन्हात वाळवायचा. लाकडासारखा टणक होतो. मालदीवलाही हेच आणि तिथून श्रीलंकेत जातो, सांबोलात कुटून घालतात. जपानी लोक एक पायरी पुढे गेले, धूर दिल्यावर त्याच्यावर मुद्दाम बुरशी चढवतात, वाळवतात, परत चढवतात, महिनोन्महिने. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणटण वाजतात. मग सुताराचा रंदा उलटा बसवलेली पेटी असते तिच्यावर किसायचा. माकुराझाकी आणि याइझु ही त्याची मोठी गावं.

दुसरं, आरमार आणि भात. एकोणिसाव्या शतकात जपानी आरमारात बेरीबेरीने माणसं पटापट मरत होती, पांढरा पॉलिशचा तांदूळ पोटभर मिळतो म्हणून पोरं भरती व्हायची आणि त्याच तांदळाने पाय सुजून मरायची. १८८२-८३ च्या सफरीत र्‍युजो जहाजावर ३७६ पैकी १६९ आजारी आणि २५ दगावले. ताकाकी कानेहिरो या आरमाराच्या डॉक्टरने १८८४ मधे त्सुकुबा हे जहाज त्याच मार्गाने पाठवलं पण जेवण बदलून, आणि बेरीबेरीने कुणी मेलं नाही. पुढे ब्रिटिश आरमाराकडून करी आली, पीठ लावून घट्ट केलेली म्हणजे जहाज हललं तरी सांडू नये, आणि भातावर बसली. अजून त्यांच्या नौदलात शुक्रवारी करी असते. समुद्रावर वार कळत नाही, करी आली की शुक्रवार.

रविवारपेठी

करीचं निघालंच आहे तर रासबिहारी बोस विसरू नका. १९१५ मधे जपानला पळाले, इंग्रज मागे, तोक्योत शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीवाल्या सोमा कुटुंबाने लपवून ठेवलं, पुढे त्यांच्याच मुलीशी लग्न. ती १९२५ लाच गेली बिचारी. १९२७ मधे त्याच नाकामुरायाने भारतीय करी विकायला काढली, बोसबाबूंचा आग्रह की ब्रिटिश पद्धतीची पिठाळ करी ही करीच नव्हे. आजही मिळते. क्रांतिकारकाने जेवणावरून इंग्रजांशी काढलेलं भांडण म्हणून मला हे भयंकर आवडतं.

मूग_गिळून

वाचतेय. शाकाहाराचा एवढा बाऊ का करायचा हे मात्र समजलं नाही. परदेशात शिकायला गेलात, संस्कृती समजून घ्यायचीय म्हणता आणि त्यांचा मुख्य पदार्थच नको. हे म्हणजे पाण्यात न उतरता पोहण्यावर धागा काढण्यासारखं. राग नसावा.

चिंचगुळ

राग नाही, पण पटलं नाही. उलट मासा खात असते तर मी उदोन खाऊन वा वा म्हणून उठले असते, त्या पाण्यात काय आहे हे विचारायची वेळच आली नसती. नको म्हणायला लागतं म्हणून विचारावं लागतं. एका छोट्या खानावळीत मी काकांना विचारलं की दाशी कोम्बूची मिळेल का, तर त्यांनी आधी नाही म्हणून हात हलवला, मग आत गेले, एक बरणी घेऊन आले आणि मला रिशिरी कोम्बू आणि रावसु कोम्बू हातात देऊन वास घ्यायला लावला. रावसु तांबूस आणि उग्र, रिशिरी नितळ, क्योतोची खानावळ रिशिरीच वापरणार वगैरे वगैरे, मागे गिऱ्हाईक ताटकळलंय. मला निम्मं कळलं. पण मिसोची वाटी मिळाली.

आणि मासे खाणारे जपानीही सगळं खातात असं नाही हो. आमच्याकडे नात्तोला (आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन) नाक मुरडणारे कान्साईवाले भरपूर आहेत.

पावटा

नात्तोचं नाव निघालं आणि मी आले!! मी इंफाळला तीन वर्षं शिकवत होते. तिथे हवाईजार मिळतं, सोयाबीन उकडून पानात गुंडाळून उबेला ठेवायचं, तार सुटते, वास म्हणजे काय विचारू नका. नागालँडचं अखुनी, सिक्कीम-दार्जिलिंगकडचं किनेमा, खासी लोकांचं तुंग्रिंबाई, सगळी त्याच घरची. शेजारीण चटणीत घालायची, भाजलेली मिरची, कांदा आणि चमचाभर हवाईजार, गरम भाताबरोबर. दिल्लीत ईशान्येकडच्या पोरांना घरमालक वासावरून घरं रिकामी करायला लावतात ते याच्यामुळे आणि तिकडे तोच पदार्थ जपानी सुपरमार्केटात तीन डब्यांच्या गड्डीत, सुपरफूड म्हणून. जपानी म्हटलं की हेल्दी आणि नागा म्हटलं की घाण. मला याचा फार राग येतो.

चिंचगुळ

पावटाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सगळीकडे काम करणारा जिवाणू बॅसिलस सबटिलिस किंवा त्याचे जवळचे भाऊबंद, जपानात पूर्वी तो भाताच्या पेंढ्यातून यायचा, तुमच्याकडे पानांतून. नाकाओ सासुके नावाच्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने या आंबवलेल्या सोयाबीनचा एक त्रिकोणच मांडला होता, जपान, हिमालयाचा पायथा आणि जावा. म्हणजे जपानी अभ्यासकाला हे नातं दिसलं होतं, आपल्या घरमालकांना नाही. आमच्या लॅबमधे मी अखुनीचा विषय काढला तर सेन्सेई खुर्ची पुढे ओढून बसले, नमुना आणता येईल का म्हणून मागे लागलेत.

नात्तो मी खाते. पाकिटातली दाशीची पुडी न टाकता, त्याऐवजी मीठ, कच्चा कांदा आणि वर हिंग-मोहरीची फोडणी. रूममेट खोलीबाहेर जाते.

बागायतदार_सुरणवाले

ताई तुमच्याकडे कोन्न्याकु मिळतं ना? ते आमच्या सुरणाचं चुलतभावंड. दोघंही अमॉर्फोफॅलस. गुन्मा भागात लागवड आहे, कंद दोन-तीन वर्षं काढायचा, परत लावायचा, मग मोठा होतो, आपल्यासारखंच. खाज दोघांनाही. आपण चिंच-कोकम घालून मारतो, ते लोक पीठ करून चुन्याची निवळी घालतात आणि त्याची थलथलीत वडी होते. आंबट घालून आणि चुना घालून, दोन टोकं बघा. मला प्रश्न असा की खायला कसं लागतं?

चिंचगुळ

दादा, खरं सांगू, कशाचंच लागत नाही :) जवळपास सगळं पाणीच. पण बघा ना, ज्यात शिजवाल त्याची चव धरतं, म्हणून परत गाडी दाशीवरच. मी वडीला आडव्या उभ्या चिरा देऊन, कोरडी भाजून, काळा मसाला आणि चिंचेत टाकते. सुरणाच्या कापासारखी खमंग नाही होत, पण डब्यात बरी लागते.

इचलकरंजीकर

सगळं छान पण पैशाचं बोला. भाचा येतोय ऑक्टोबरला. महिन्याला जेवणाला किती लागतात? आणि भात महागलाय म्हणे?

चिंचगुळ

भात महागलाय हो. २०२५ च्या वसंतात पाच किलोची पिशवी सरासरी चार हजार येनच्या वर गेली होती, वर्षभरापूर्वीच्या दुप्पट. सरकारने राखीव साठा बाहेर काढला, तो दोन हजाराच्या आसपास मिळायला लागला तर रांगा. त्याच धामधुमीत शेतीमंत्री एतो ताकु म्हणाले की मला तांदूळ कधी विकत घ्यावा लागला नाही, समर्थक देतात, आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आपल्याकडे कांदा जे करतो ते तिकडे तांदूळ करतो. इंद्रायणी खाणाऱ्या घरातला असेल तर जपानी भात त्याला जड जाणार नाही, चिकटपणाची सवय असते. बासमतीवाल्यांचे हाल होतात.

खर्च माणसावर आहे म्हणून आकडा सांगत नाही पण युक्ती सांगते. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटात तयार जेवणावर स्टिकर लागतात, आधी दहा-वीस टक्के, मग 'हानगाकु', म्हणजे अर्धी किंमत. मी स्वतः अशा दुकानात बाइतो म्हणजे अर्धवेळ काम करते (स्टुडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास करता येतं). स्टिकरची बंदूक घेऊन मी बाहेर आले की फळीपाशी चार-पाच माणसं एकदम लोणच्याच्या बरण्या निरखायला लागतात. कुणी पुढे येत नाही, कुणी ढकलत नाही, एक सूट घातलेले गृहस्थ तर रोज त्याच बरणीमागचं लेबल वाचतात. मी शेवटचा डबा चिकटवून दोन पावलं मागे सरले की फळी रिकामी. भाच्याला सांगा दुकानाची वेळ हेरून ठेव, प्रत्येक दुकानाची वेगळी असते.

मडगावकर

आमचाही वाटा राहू द्या. फ्रान्सिस झेवियर १५४९ मधे गोव्याहूनच जपानला निघाले आणि कागोशिमाला उतरले, बरोबर आंजिरो नावाचा जपानी माणूस, तो आधी गोव्यात शिकलेला. पोर्तुगीजांनी तिथे तळणं आणि साखर-अंड्याचे गोड पदार्थ नेले. नागासाकीचा कास्तेला केक प्रसिद्ध आहे, पण फुकुओकाला केइरान सोमेन म्हणून मिळतं, अंड्याच्या बलकाच्या शेवया साखरेच्या पाकात, ते सरळ पोर्तुगीज फिओस दी ओवोश. जपानच्या गोडात एवढं अंडं आणि एवढी साखर बघितली की समजायचं, जहाज आमच्याकडून गेलंय.

तोक्योची_सून

चिंचगुळ, तुझं क्योतो आहे तर गिओनजवळच्या कामेया कियोनागा या दुकानात जाऊन सेइजो कांगिदान खाल्लंस का? १६१७ पासूनचं दुकान. कांगिदान म्हणजे गणपतीचा नैवेद्य, म्हणजे कांगितेनचा, बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेला आपलाच गणपती. आकार मोदकाचा, वर आठ चुण्या आवळलेल्या, आत लाल चवळीचं गोड सारण त्यात सात प्रकारची सुगंधी द्रव्यं आणि सगळं तिळाच्या तेलात तळलेलं. मी सासूबाईंसाठी आणलं होतं, त्यांनी एक चावा घेतला आणि म्हणाल्या मोदक असो वा नसो, दाताचा डॉक्टर बघून ठेव. कडक आहे बाई!

आणि आमच्या तोक्योत आसाकुसाला मात्सुचियामा शोदेन म्हणून कांगितेनचं देऊळ आहे, तिथे मोदक नाही, मुळा वाहतात. पायऱ्यांपाशी पांढरेशुभ्र दाइकोन रचून ठेवलेले, विकत घ्यायचा आणि गाभाऱ्यापुढे द्यायचा. मूर्ती बघायला मिळत नाही, गुप्त ठेवतात. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, शिजवलेला मुळा मिसो लावून सगळ्यांना. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत निशी कासाईच्या दुकानातलं खोबरं-गूळ आणून उकडीचे करतो, पण मला त्या मुळ्याच्या ढिगाऱ्यापुढे उभं राहून फार गंमत वाटते.

चिंचगुळ

कांगिदान खाल्लं, पहिला वास अगरबत्तीच्या कपाटाचा आला आणि मग गोड! मुळ्याच्या देवळाचं माहीत नव्हतं, पुढच्या तोक्योवारीत नक्की.

रानजाई

धागा वर काढतेय. आईबाबा एप्रिलमधे येताहेत क्योतो-नारा-कोयासान. बाबा कट्टर, कांदा-लसूणही नाही. मासा पाण्यात असतो हे वाचून मी घाबरलेय. थोडक्यात सांगशील का?

चिंचगुळ

घाबरू नकोस, तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा सोपं जाईल, कांदा-लसूण नाही म्हटलं की इथे लोकांना देवळाचं जेवण आठवतं आणि गोष्ट समजते. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलंस तर सॅलड देतील आणि वर कीस टाकतील. कोयासानला मुक्काम देवळातच कर, शुकुबो म्हणतात, तिथे जेवण शोजिनच असतं, तरी बुकिंग करताना दूध आणि अंडंही लिहून विचार. गोमा-दोफू नक्की खाऊ दे बाबांना, नाव टोफूचं पण त्यात सोयाबीन नसतं, तीळ आणि कुझुच्या कंदाचं सत्त्व, रेशमासारखं. सकाळी गार मिळतं. क्योतोत युबा म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, पण ती रश्श्यात आली तर रस्सा कसला ते विचारायचं. वांग्याचं देंगाकु म्हणजे भाजलेल्या वांग्यावर गोड मिसो, बाबांना आवडेल पण मिसोत दाशी मिसळलेली असू शकते, 'कोम्बु दाशी देसु का' (ही कोम्बूची दाशी आहे का) एवढं पाठ करून टाक.

कन्व्हीनियन्स स्टोअरमधे नुसत्या मिठाचा किंवा उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी म्हणजे भाताचा गोळा, तोही लेबल बघून. कोम्बूवाला घेऊ नकोस बिनधास्त, त्यात बऱ्याचदा कात्सुओचा अर्क असतो. इनारी सुशी दिसायला निष्पाप, वरचं टोफूचं पाकीट दाशीत शिजवलेलं. करीच्या वड्यांत बऱ्याचदा गाय-डुकराची चरबी असते, लांबच राहा. लोणच्यांत शिबाझुके छान, वांगं-काकडी आणि शिसोची जांभळी पानं, क्योतोच्या ओहाराचं, पण पाकीटबंद असेल तर मागचं वाच.

आणि मेतकूट, थालीपीठाची भाजणी, तिळाची चटणी आणा. तूप आणायचं असेल तर जपून बरं का, दुधाच्या पदार्थांचे नियम आहेत, आधी कस्टम्सच्या साइटवर बघून घे. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. कुठल्या तारखा आहेत ते व्यनि (खासगी निरोप) कर, त्या आठवड्यात मी क्योतोत असले तर त्या खानावळीच्या काकांकडे घेऊन जाते, फक्त बाबांना सांग बरणीचा वास घ्यायला लागेल.